आल्बिना मावशीची शंका

आग्नेल मास्तरांचा घसा बसला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

गास गावच्या आळीत क्रुसापुढच्या अंगणात उपवासकाळाच्या दर शुक्रवारी कीर्तन व्हायचं, आणि ते मास्तरांचंच व्हायचं. चर्चमधली मिस्सा लॅटिन सोडून मराठीतून सुरू झाली, तेव्हा मास्तरांच्या मनात आलं होतं, की देव मराठी ऐकू लागलाच आहे, तर त्याला टाळमृदंगही ऐकवावा. मग ते खाडीकडच्या रामनाथबुवांच्या देवळात जाऊ लागले. पायरीशी चपला सोडायच्या, बुवांसमोर मांडी घालायची आणि पूर्वरंग कसा मांडतात, उत्तररंगात आख्यान कसं रंगवतात, ते गिरवायचं. बुवांनी हातचं काही राखलं नाही. तेव्हापासून दिवसा प्राथमिक शाळेत पाढे आणि शुक्रवारी संध्याकाळी येशूचं आख्यान, असा मास्तरांचा शिरस्ता. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं आणि हातात चिपळ्या घेऊन ते उभे राहिले, की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे आधीच भरून यायचे.

त्या साली पहिल्याच शुक्रवारी घसा बसला. गरम पाणी झालं, हळद झाली, आलं चावून झालं, पण आवाज निघेना. तेव्हा मास्तरांनी स्वतःच सांगितलं, "फ्रेडरिक करील."

फ्रेडरिक म्हणजे त्यांचाच शाळेतला जुना विद्यार्थी आणि पुढे त्यांचाच टाळकरी. आता फोर्टातल्या एका ऑफिसात टाइपरायटर बडवायचा. पोरगा गुणी, गळा गोड. मास्तर मनात म्हणाले, एक शुक्रवार वेळ मारून नेईल. आपण मागे टाळ घेऊन उभे राहिलो, म्हणजे कुठे अडखळला तर सावरूही.

पण पोरगा अडखळला नाही. देवाच्या दयेवर पूर्वरंग लावला. माणसाची माया कशी, तर घटकेची. आज आहे, उद्या नाही. आणि देवाची? इथे तो थांबला. श्रीपतने मृदंगावरचा हात उचलून धरला. बत्तीच्या फुसफुशीखेरीज कसलाही आवाज नव्हता. आणि फ्रेडरिकने वर बघत सूर लावला:

"आमुची माया दो घडीची,
तुझी दया पर्ड्युरेबल!"

'बल'वर सम पडली, मृदंग कडाडला आणि अंगण नुसतं उसळलं. शब्दाचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. पण फ्रेडरिकने हात असे काही पसरले होते, की अर्थ विचारायचं कुणाला सुचलंच नाही. "पर्ड्युरेबल म्हणजे टिकणारी," त्याने मग हळूच सांगितलं. "साधी टिकणारी नाही. टिकून टिकून, टिकवणारा थकला तरी टिकणारी." लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा. शेवटी तर आळीतल्या बायाच आधी म्हणू लागल्या आणि फ्रेडरिक मागून.

मागे टाळ वाजवणाऱ्या मास्तरांचा हात एकदा चुकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

घरी जाताना श्रीपत सोबत होता. खाडीकाठचा भातवाला. धर्माने हिंदू, पण मास्तरांच्या पहिल्या कीर्तनापासून मृदंग त्याचाच. मनात आलं ते ओठावर आणल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. "मास्तर," तो म्हणाला, "पोरानं मैदान मारलं. कोन म्हनतो हा तुमचा टाळकरी व्हता? मला तर वाटलं, देवानंच विंग्रजी शिकून घेतली."

मास्तर बसलेल्या घशातून कसंनुसं हसले.

पुढच्या शुक्रवारी घसा सुटला आणि मास्तर पुन्हा उभे राहिले. उधळ्या पुत्राचं आख्यान लावलं, त्यांचं हातखंडा आख्यान. लोकांनी मन लावून ऐकलं, डोळेही पुसले. पण शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालंच, "मास्तर, ते पर्ड्युरेबल एकदा होऊन जाऊ दे!"

"ते फ्रेडरिकचं आहे," मास्तर म्हणाले आणि चिपळ्या पिशवीत टाकल्या.

मग तो शब्द गावभर झाला. बैलगाडीचं नवं जू पर्ड्युरेबल, सुनेने आणलेलं पातेलं पर्ड्युरेबल, आणि पाहुणा दोन दिवस राहून हलेना तर तोही पर्ड्युरेबल. शाळेत मास्तरांनी एका पोराला विचारलं, "तुझी पाटी कुठे?" तर उत्तर आलं, "फुटली सर, पर्ड्युरेबल नव्हती." वर्ग हसला. मास्तरांनी वर्गाला दहाचा पाढा म्हणायला लावला. चौथीच्या वर्गाला.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण खरी ठिणगी घरात पडली.

त्यांच्या वाडीत राजेळी केळी व्हायची आणि मास्तरांची बायको फ्लॉसी त्यांची सुकेळी करायची. पिकलेलं केळं सोलायचं, मांडवावर चटईवर उन्हात ठेवायचं, संध्याकाळी उचलून पानांत गुंडाळून ठेवायचं आणि सकाळी पुन्हा उन्हात. असं करता करता केळं आकसतं, तांबूस होतं, त्याच्या अंगातून मध सुटतो. मग ते महिनोन्‌महिने टिकतं. फ्लॉसीच्या हातच्या सुकेळ्यांना नालासोपाऱ्याच्या बाजारात नाव होतं. तर त्या दुपारी ती एक सुकेळं दोन बोटांत धरून उन्हाकडे बघत होती. बघता बघता आपल्याच नादात म्हणाली, "आपली सुकेळी तेवढी पर्ड्युरेबल!"

मास्तर मांडवाच्या सावलीत वह्या तपासत बसले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तू पण?"

"मी पण काय?"

"वीस वर्षं मी 'टिकाऊ' म्हणतोय, ते तुला कधी गोड लागलं नाही."

फ्लॉसीने सुकेळं चटईवर ठेवलं आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. "अहो, तुमचा चेहरा असा का झालाय? कच्चं केळं खाल्ल्यासारखा?"

"काही नाही."

"काही नाही कसं? पोरानं एक शब्द म्हटला तर तुमचं अंग एवढं का जळतं?"

"माझं अंग जळत नाही," मास्तर म्हणाले. "माझी भाषा जळते. देवाचं वर्णन करायला मराठीत शब्द नाहीत का? शाश्वत आहे, चिरंतन आहे, अक्षय आहे. आणि हा टाइपरायटरवाला कुठून तरी एक बोचकं उचलून आणतो, आणि तुम्ही सगळ्या बाया माना डोलवता!"

"गळा गोड आहे हो त्याचा," फ्लॉसी म्हणाली आणि मुकाट्याने केळी उलटू लागली.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. मास्तरांच्या पोटात नुसता शब्द दुखत नव्हता. मे महिन्यात क्रुसाचा सण. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटायची, अंगणात जागा मिळायची नाही, आणि त्या दिवसाचं कीर्तन दरसाल आग्नेल मास्तरांचं. त्या कीर्तनासाठी ते वर्षभर आख्यान घोळवायचे. सकाळी वाडीत पाणी सोडताना, शाळेच्या वाटेवर, जेवताना भात गार होईपर्यंत. आणि परवाच आळीचा पुढारी मायकल भेटला होता आणि पान चघळत म्हणाला होता, "मास्तर, औंदा सणाला तुमचा घसा बघू कसा काय राहतो ते. नाहीतर फ्रेडरिक आहेच."

"घसा बघू" या दोन शब्दांनी मास्तरांची झोप उडवली होती.

तेव्हा मास्तरांनी शाळेच्या कपाटातला इंग्रजी कोश काढला. कव्हर फाटलेला, पण शहाणा. पी उघडलं. पर्सेंट आहे, पर्फेक्ट आहे, पर्सन आहे. पण पर्ड्युरेबल नाही. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाही म्हणजे नाही. मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला. इतका आनंद त्यांना बदलीचा हुकूम रद्द झाला तेव्हाही झाला नव्हता.

आणि तो आनंद पोटात मावेना. रविवारी मिस्सा आटोपून ते नालासोपाऱ्याच्या बाजारात फ्लॉसीच्या सुकेळ्यांच्या टोपल्यांशी जाऊन उभे राहिले. शेजारीच आल्बिना मावशी वांग्या-घोसाळ्यांची पाटी लावून बसायची. आळीतली सगळ्यांत म्हातारी बाई, लाल लुगडं, गळ्यात जपाची रोझरी, दात नाहीत पण प्रार्थना एकही चुकायची नाही. श्रीपत चहा पीत उभा होता. गप्पा कीर्तनावर आल्या, तसे मास्तर बोलून गेले.

"असा शब्दच नाही," ते म्हणाले. "मी कोश पाहिला. साहेबाच्या भाषेत पर्ड्युरेबल असा शब्दच नाही. पोराने स्वतःच्या मनाने घडवला."

"आँ?" श्रीपतचा पेला ओठाशी थांबला. "म्हंजे खोटा शब्द?"

"खोटा. आणि खोट्या शब्दाने देवाचं वर्णन करणं हे काही चांगलं नाही. पापाच्या जवळपासचं आहे."

हे शेवटचं त्यांनी बोलायला नको होतं. पण जिभेला उतार लागला, की ती मध्ये थांबत नाही. फ्लॉसीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आल्बिना मावशीने हातातलं वांगं पाटीत ठेवलं आणि गळ्यातल्या रोझरीला हात लावला.

मास्तरांनी एवढं करून गप्प बसावं ना! पण जळणाऱ्याला आपल्याच आगीवर आणखी लाकडं हवी असतात. त्यांची धाकटी बहीण बेटी होळी गावात दिलेली, हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. तिला निरोप धाडला, की मोठ्या कोशात पाहून ठेव, शब्द नाही ना याची खात्री कर. आठवड्याने बेटी भावाकडे आली, ओटीवर बसली, आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "दादा, शब्द आहे."

"काय?"

"आहे. कॉलेजच्या लायब्ररीत मोठा कोश आहे, उचलायला दोन माणसं लागतील असा. त्यात पाहिला. जुना शब्द आहे, लॅटिनवरून आलेला. आता सहसा कुणी वापरत नाही, म्हणून शाळेच्या कोशात घातला नसेल."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी आशेने विचारलं, "अर्थ तरी चुकीचा सांगतो ना तो?"

"अर्थ बरोबर सांगतो. ड्युरेबल म्हणजे टिकाऊ, ते रोजचं. भांडं, कापड, चप्पल. पर्ड्युरेबल म्हणजे सगळ्यातून पार होऊन टिकणारं. जुने लोक दगडी भिंतींना लावायचे, स्वर्गाच्या राज्याला लावायचे." बेटी हसली. "गावात पातेल्याला लावतात ना, ते मात्र चूक. लग्नाचा कोट घालून शेण भरायला गेल्यासारखं ते."

"आणखी?"

"आणखी नरकाच्या यातनांनाही लावायचे. न संपणाऱ्या यातना. वाईटालाही चालतो तो शब्द."

आतून फ्लॉसी चहा घेऊन आली होती; तिनेही ते ऐकलं. मास्तरांनी बेटीचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "बेटी, हे कुणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलू?" बेटी म्हणाली. "तूच बोल. बाजारात 'नाही' तू म्हणालास. 'आहे' पण तूच म्हण."

पण मास्तर बोलले नाहीत. शनिवार गेला, रविवार गेला. बाजारात आल्बिना मावशी समोर बसली होती आणि मास्तर टोपल्यांच्या पलीकडल्या बाजूने गेले. त्यांनी स्वतःला समजावलं, की विचारलं कुणी तर सांगू. आणि मनात दुसरा आवाज म्हणत होता, मे महिना जाऊ दे, मग सांगू.

गावात कुजबूज मात्र पसरली. फ्रेडरिक स्टेशनातून येताना पोरं लांबून ओरडायची, "पर्ड्युरेबल!" आणि हसायची. हसण्याची जात आता वेगळी होती. फ्रेडरिकला काही कळेना. तो संध्याकाळी मास्तरांच्या ओटीशी आला आणि म्हणाला, "मास्तर, शेवटच्या शुक्रवारी मायकलकाकांनी मला उभं राहायला सांगितलंय. तुम्ही टाळ घ्याल ना? तुम्ही मागे असलात की मला भीती वाटत नाही."

मास्तर म्हणाले, "घेईन."

आणि आत जाऊन इतक्या जोराने दार लावलं, की कोंबड्या उडाल्या.

शेवटचा शुक्रवार उजाडला, आणि सूर्य कलायच्या आत अंगण भरलं. इथे गासची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही. पूर्वरंग संपला, की आख्यानाआधी कीर्तनकाराला हार घालायचा. हार आल्बिना मावशी घालायची, कारण वयाने तीच मोठी. आणि हार घातला, की श्रोत्यांपैकी कुणीही एक शंका विचारायची. शंकेचं उत्तर मिळाल्याशिवाय आख्यान सुरू होत नाही. उत्तर आलं नाही, तर कीर्तनकाराने हार काढून क्रुसाला वाहायचा आणि खाली बसायचं. ही रीत मास्तरांनीच घालून दिली होती, रामनाथबुवांकडून घेऊन. मात्र बुवा एक गोष्ट सांगायचे: शंका कीर्तनाला असते, कीर्तनकाराला नसते. टाळकऱ्याला उत्तर येत असेल, तर त्याने द्यावं. इतक्या वर्षांत कधी तशी वेळ आली नव्हती. लोक सोपी शंका विचारायचे, मास्तर दोन ओव्यांत सोडवायचे, की पुढे.

फ्रेडरिकने पूर्वरंग चांगला बांधला. पण शब्द आला, तेव्हा अंगण उसळलं नाही. कुठे हसू दाबल्याचा आवाज झाला, कुठे खोकला. त्याचा सूर जरा डगमगला. मास्तरांना ते मागून नीट ऐकू आलं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं. आंब्याच्या दिवसांत थंड ताक मिळाल्यासारखं.

आल्बिना मावशी काठी टेकत पुढे आली. मोगऱ्याचा हार फ्रेडरिकच्या गळ्यात घातला. आणि परत न जाता तिथेच उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "शंका माझीच आहे."

मागची माणसं पुढे सरकली.

"तू तो शब्द शिकवलास ना, पर्ड्युरेबल, तो मला लई गोड लागला. मी रोज रोझरीनंतर तोच म्हणते. देवा, तुझी दया पर्ड्युरेबल. माझ्या मेलेल्या पोरासाठी म्हणते, लुईससाठी. लुगडं धुताना म्हणते, पाटी उचलताना म्हणते. आणि आता लोक म्हणतात, तो शब्द खोटा आहे, पाप आहे." म्हातारीने गळ्यातली रोझरी हातात घेतली. "मग मला सांग, मी इतके दिवस म्हटलं ते कुठं गेलं? देवाला पोचलं, का मधेच पडलं? आणि माझ्या लुईसला काय मिळालं?"

फ्रेडरिकने शब्द कुठून आणला होता, तर त्याच्या ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या पारशी साहेबाकडून. साहेब जुन्या लोखंडी तिजोरीवर थाप मारून म्हणायचा, "पर्ड्युरेबल!" फ्रेडरिकला आवाज आवडला होता, अर्थ त्याने विचारून घेतला होता. पण साहेब विनोदी होता. शब्द खरा की साहेबाचा, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. आता एवढ्या लोकांपुढे, एवढ्या शंकेपुढे, तिजोरीचं काय सांगणार?

"मावशी," तो म्हणाला, "मी... मला..."

आणि त्याने वळून मागे पाहिलं. मास्तरांकडे.

एवढ्या माणसांत उत्तर मास्तरांना माहीत होतं. तसं फ्लॉसीलाही होतं, पण ती बायांच्या रांगेत खाली मान घालून बसली होती. ती बोलणार नव्हती. मास्तरांनी टाळ घट्ट धरले. गप्प राहायचं होतं. बस्स, गप्प. पोरगा हार काढील, क्रुसाला वाहील, खाली बसेल. मे महिना आपला. कुणी आपल्याला बोल लावणार नाही, आपण काही केलंच नाही.

फ्रेडरिकचा हात हाराकडे गेला.

आणि तेव्हा मास्तरांचं लक्ष आल्बिना मावशीच्या हातांकडे गेलं. म्हातारी रोझरीचा एक मणी बोटांत धरून उभी होती. पुढचा मणी घ्यावा की नाही, हे तिला कळत नव्हतं. तिचा अंगठा पुढे जायचा आणि परत यायचा. पुढे जायचा आणि परत यायचा. हे आपण केलं, मास्तरांना वाटलं. पोराचं नाही, हिचं नुकसान केलं.

त्यांनी टाळ वाजवला. एकदाच, खणकन.

"शंका कीर्तनाची आहे," ते म्हणाले. "उत्तर टाळकरी देईल."

आणि पुढे येऊन फ्रेडरिकच्या बाजूला उभे राहिले. "मावशी, शब्द खरा आहे. जुना आहे, राजवाड्यातल्या जुन्या तलवारीसारखा, रोज कुणी काढत नाही. माझ्या बहिणीने मोठ्या कोशात पाहिला. कुणीतरी लहान कोशात अर्धवट पाहून नाही म्हणून बोललं असेल."

श्रीपतने मृदंगावर डाव्या हाताने एक जाड 'धूम' दिला आणि मास्तरांकडे डोळे मोठे करून पाहिलं. मास्तरांनी न पाहिल्यासारखं केलं.

पण एवढ्याने शंका फिटत नाही; उत्तर गाऊन द्यायचं असतं. आणि इथे मास्तरांच्या आतला कीर्तनकार जागा झाला. पोराने शब्द आणला खरा, पण त्याला दृष्टांत कुठे दिला होता? शब्द नुसता वर फेकायचा आणि हात पसरायचे, हे काय कीर्तन? तेही मास्तरांना आतून डाचलं, आणि त्यांनी सूर लावला.

"केळं बघा, मंडळी! झाडावरून उतरलं, किती सुंदर. पिवळंधमक, चकचकीत साल. मालक म्हणतो, हात लावू नका, साल सांभाळा. चार दिवसांनी बघावं तर काळं, बुरशी, माश्या. आणि माझ्या घरची काय करते? ती साल काढून टाकते. उघडं करते, उन्हात ठेवते. संध्याकाळी आत घेते, सकाळी पुन्हा उन्हात. केळं रडतं की हो! त्याच्या अंगातून पाणी सुटतं. पण ते पाणी कसलं? मध! तेच सुकेळं मग वर्षाच्या सणाला पुरतं. माझी बायको त्याला पर्ड्युरेबल म्हणाली, तर मला राग आला. आज कळतं, बाई बरोबर बोलली.

सालीसकट जे जपले, ते दो दिवसांत नासले,
साल सोडुनी ऊन सोसले, ते सुकेळे जाहले!

देवाने स्वतःची साल काढली, मावशी. क्रुसावर उघडा झाला, उन्हात राहिला. म्हणून त्याची दया पर्ड्युरेबल. तुमची एकही प्रार्थना मधे पडली नाही. लुईसला सगळी पोचली."

आल्बिना मावशीचा अंगठा पुढच्या मण्यावर गेला. ती डोळे पुसत खाली बसली. मग अंगण असं काही उठलं, असा काही गजर झाला, की पलीकडच्या वाडीतली वटवाघळं उडाली. श्रीपत मृदंग बडवत ओरडत होता, "वा मास्तर! वा मास्तर!" मास्तरांनी तीच ओवी तीनदा म्हटली. चौथ्यांदाही म्हणणार होते. मग त्यांना बाजूला उभा असलेला फ्रेडरिक दिसला, गळ्यात हार, डोळे पाण्याने भरलेले, गुरूकडे बघत. मास्तर थांबले आणि मागे जाऊन टाळ उचलले. "कर आख्यान," ते म्हणाले.

फ्रेडरिकने असं आख्यान केलं, जसं त्याने आयुष्यात केलं नव्हतं. भीती उरली नव्हती ना.

कीर्तन संपलं, प्रसादाचं खोबरं वाटून झालं. मायकलने उभं राहून घोषणा केली. मास्तर खांद्यावरचं उपरणं नीट करू लागले. मनात म्हणाले, आता कोण आपल्याला नाही म्हणतो?

"मंडळी," मायकल म्हणाला, "औंदा सणाचं कीर्तन कुणाचं, असा प्रश्न होता. मास्तरांनी आज सगळ्यांसमोर पोराच्या शब्दाची ग्वाही दिली. ग्वाही कोण देतो? ज्याने जागा मोकळी करायचं ठरवलं, तोच देतो. मोठं मन आहे मास्तरांचं! तेव्हा सणाला फ्रेडरिक उभा राहील, आणि मास्तर मागे टाळ घेतील. टाळ्या वाजवा!"

टाळ्या वाजल्या. मास्तरांनीही वाजवल्या, सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत जोराने.

मास्तर झपाझप घरी निघाले. फ्लॉसी मागून येत होती. ओटीवर आल्यावर म्हणाली, "मावशी मणी मोजत गेली घरी. मी बघितलं." मास्तरांनी मान हलवली.

सकाळी फ्लॉसी मांडवावर केळी सोलत बसली होती, तेव्हा फ्रेडरिक स्टेशनाकडे जाता जाता आला. हातात डबा, केस ओले. वाकून मास्तरांना नमस्कार केला. "मास्तर, सणाला सुकेळ्याचाच दृष्टांत घेऊ का? तुमचाच. सांगेन, मास्तरांचा म्हणून."

दृष्टांतही देऊन बसलो, मास्तरांच्या मनात आलं. ती जुनीच जळजळ, ओळखीची, आतून हाक मारणारी.

"घे," ते शेवटी म्हणाले. "पण पाणी सुटलं म्हणतोस ना, तिथे थांब. घाई करू नको. मध नंतर."

"होय, मास्तर." पोरगा धावत गाडी गाठायला गेला.

मास्तर येऊन फ्लॉसीच्या शेजारी बसले. टोपलीतलं एक राजेळी केळं उचललं, देठाकडून चीर दिली आणि साल ओढू लागले. साल जाड होती, मध्येच तुटायची. मास्तरांच्या हातांना सवय नव्हती.

"ही किती उन्हं खातील?" त्यांनी विचारलं.

"आठवडा, दहा दिवस. हवा बघून," फ्लॉसी म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. "आणि तुम्ही?"

मास्तरांनी सोललेलं केळं चटईवर ठेवलं, नीट सरळ करून.

"मला जरा जास्त लागतील," ते म्हणाले आणि दुसरं केळं उचललं.